ओल्या पीतबिंदु-ऱ्हासाचा उपचार व त्यातील धोके

डोळ्याच्या मागील पडद्याच्या, म्हणजेच दृष्टिपटलाच्या, मध्यभागी पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. पोथीतील अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे तिच्यामुळे होतात. उतारवयात या जागेखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून त्यांतून पाणी वा रक्त पाझरू लागते, तेव्हा त्यास पीतबिंदु-ऱ्हासाचा ओला प्रकार म्हणतात. मोतीबिंदूप्रमाणे तो शस्त्रक्रियेने काढून टाकता येत नाही. २००६ च्या सुमारास या रक्तवाहिन्यांना आवर घालणारी औषधे डोळ्यात इंजेक्शनने देण्याचा उपचार रूढ झाला आणि अनेकांची दृष्टी टिकली.

हा उपचार सर्वस्वी निर्धोक मात्र नव्हे. सुईवाटे जंतू आत शिरण्याचा प्रसंग दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादा येतो. पापण्यांवर सूज वा चिपडे असल्यास ते इंजेक्शनापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. पहिल्या दिवशी डोळा खुपतो, ते बहुधा जंतुनाशकामुळे. परंतु पुढील आठवडाभरात वेदना, लाली वा अंधुकपणा वाढत गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दृष्टिपटल सुटण्याचा प्रकार याहूनही विरळा आहे. जाड उणे नंबरचा चष्मा असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. डोळ्यापुढे वीज चमकणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत.

खरी गुंतागुंत निराळीच आहे. दृष्टिपटलाखाली रंगद्रव्ययुक्त पेशींचा एक पातळ थर असतो. त्याखाली द्रव साचून तो फोडासारखा उचलला जातो. औषधाने खालील रक्तवाहिन्यांचे जाळे आक्रसते, ताणलेल्या थरास ओढ बसते आणि तो फाटतो. फुगवटा जितका उंच तितके भय अधिक. अर्धा मिलिमीटर ओलांडल्यावर ते विशेष वाढते. बहुतेक फाटी पहिल्या काही इंजेक्शनांतच पडतात. एका डोळ्यास असे झाले असेल, तर दुसऱ्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते. म्हणून आरंभीच दृष्टिपटलाच्या थरांचे यंत्राद्वारे चित्र घेऊन ही उंची मोजतात. फाट मध्यबिंदूपासून दूर राहिल्यास दृष्टी बरीच वाचते. उपचारही सहसा चालूच ठेवतात.

या भीतीने काही रुग्ण उपचार सोडतात, तर काहींची तारीख पेरणीत, लग्नकार्यात वा पैशांच्या अडचणीत चुकते. हा धोका वरील सर्वांहून मोठा आहे. पाझर पुन्हा सुरू होतो, रक्त साचते आणि त्या जागी कायमचा व्रण होतो. व्रणावर इंजेक्शनाचा इलाज चालत नाही. नियमित उपचार घेऊनही काहींना व्रण होतो. रोग जुना व पडदा जाड झालेला असल्यास विशेषच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना सांगावे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. विडी-सिगारेट मात्र अवश्य सोडावी.

दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात घरच्या घरी परीक्षा करता येते. वाचावयाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, चौकटीच्या वहीचे पान पाहावे. रेघ वाकडी दिसली किंवा मध्येच काळा ठिपका आला, तर पुढील तारखेची वाट पाहू नये.