रविवारी घरी येणारे काकाजी
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

सकाळी आठच्या सुमाराला नागपूरच्या खापरी मेट्रो स्थानकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलं-मुली गाडीतून उतरताना दिसतात. त्यांतली बरीचशी मिहानमध्ये कामाला जाणारी. मीही तिथलाच. एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम करतो.

मिहान म्हणजे नागपूर विमानतळालगतचं मालवाहतुकीचं आणि उद्योगांचं केंद्र. त्याच्या उभारणीसाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा अशा गावांच्या जमिनी त्यात गेल्या. आज तिथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, एम्स आहे, आयआयएमचं संकुल आहे.

श्रोतेहो, आमच्या घरापासून हे सारं दोन-तीन किलोमीटरवर. पण ज्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्या घरातल्या पोराला एवढं अंतरही फार असतं. तो मठ्ठ नसतो, आळशी नसतो. कुठला फॉर्म कधी निघतो, त्याला कोणते दाखले लागतात, ते मिळायला किती दिवस जातात, हे सांगणारं त्याला कुणी नसतं.

मला सांगणारे भेटले. आमच्या गल्लीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काकाजी राहायचे. ना आमच्या नात्याचे, ना जातीचे. बारावीत माझे दोन विषय राहिले, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘झालं तेवढं शिक्षण पुरे. चल आता कामाला.’’ त्या रविवारी काकाजी आले, खाटेवर बसले आणि मला म्हणाले, ‘‘काय करून राहिला रे? आयटीआयचा फॉर्म आणला का?’’ मला आयटीआय कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लुनावर मागे बसवलं आणि श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये नेलं. तिथून दाखल्यासाठी तहसील कार्यालयात. पुढची दोन वर्षं ते दर रविवारी यायचे. विजेच्या कामातलं त्यांना काही कळत नसे. फक्त विचारायचे, ‘‘या हप्त्यात काय शिकला ते सांग.’’ रविवारी सांगावं लागणार, म्हणून मी आठवडाभर शिकत राहिलो.

अशी माणसं नागपूरनं पाहिली आहेत. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. चेंडू काय, कुणीही एकदा देईल. बारसे सर मात्र पुन्हा पुन्हा त्या मुलांकडे जात राहिले. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू झालं. त्यावरचा नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये अनेकांनी पाहिला. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. या मैदानावर घडलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, आणि नंतर तोच इथल्या मुलांना शिकवू लागला. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून आलेल्या राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये ‘एकलव्य’चं काम सुरू केलं, तेही याच वाटेचं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना, ती वाट आधी चालून गेलेले ताई-दादा हात देतात.

मीही काही वर्षांपासून रविवारी जवळच्या एका वस्तीत जातो. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती आज सांगायलाच हवी. दहावी झालेल्या एका मुलाला डिप्लोमाला जायचं होतं. ‘‘पुढच्या रविवारी येतो, मिळून फॉर्म भरू,’’ असं मी त्याला म्हणालो. पुढच्या रविवारी जादा पाळी आली. त्याच्या पुढच्या रविवारी घरचं लग्न. तिसऱ्या रविवारी गेलो, तेव्हा तारीख उलटून गेली होती. तो रागावला नाही. ‘‘सर, तुम्ही याल म्हणून मी थांबलो होतो,’’ एवढंच म्हणाला. ते वर्ष त्यानं एका गोदामात खोकी उचलण्यात घालवलं. पुढच्या वर्षी आम्ही मार्चपासूनच दाखल्यांच्या मागे लागलो आणि त्याला प्रवेश मिळाला. पण गेलेलं वर्ष त्याचं होतं, माझं नव्हतं. मुलांचा हात धरायचा तर वेळ पाळावी लागते. येतो म्हणून न येणाऱ्यापेक्षा न येणारा बरा. निदान मूल त्याची वाट पाहत बसत नाही.

तेव्हा मला काकाजींचे रविवार खऱ्या अर्थानं कळले. त्यांनाही घर होतं, लग्नकार्यं होती, गुडघे दुखत होते. तरी ते आले. मी त्यांना कधी ‘तुमच्यामुळे झालं’ असं म्हटलं नाही. आता ते नाहीत. म्हणून काकूंकडे गेलो आणि त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘रविवारी दोन-दोन वाजेपर्यंत ताट झाकून ठेवत होती मी. तू कामाला लागला तेव्हा पेढे ह्यांनीच आणले होते.’’ पेढ्यांचं मला ठाऊकच नव्हतं.

अशा माणसांना शाल-श्रीफळ द्यायला आपल्याला आवडतं. द्यावंही. पण त्याआधी एक साधं काम करा. तुमच्यासाठी कुणी लुना काढली असेल, फॉर्म आणला असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि सांगा. त्यांच्या घरच्यांनाही सांगा. त्यांचेही रविवार त्यात गेलेले असतात. आणि सांगायला ते माणूस उरलं नसेल, तर शेजारच्या घरातल्या दहावी-बारावीच्या पोराला विचारा, ‘‘फॉर्म भरला का?’’ पुढच्या रविवारी पुन्हा विचारायची तयारी मात्र ठेवा.