वेग कुणाच्या हातात?



नगर जिल्ह्यातल्या अनेक सेतू केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आजही जुने कॉम्प्युटर चालतात. फाइल उघडली की खिडकी हळूहळू मोठी होते, मेनू सरकत येतो. नव्या मशीनवर हे छान दिसतं. जुन्यावर ते अडखळतं आणि समोर दाखल्यासाठी रांग लागलेली असते.

हिशेब करू. एक ॲनिमेशन पाव सेकंदाचं धरा. दिवसात ४०० वेळा झालं तरी १०० सेकंदच जातात. म्हणजे मुद्दा फक्त वेळेचा नाही.

शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते. डोळे म्हणतात 'हलतंय', कान म्हणतो 'स्थिर आहे'. यातून काहींना चक्कर येते, मळमळतं. २०१३ मध्ये आयफोनवर आयओएस ७ आलं, तेव्हा झूम होणाऱ्या स्क्रीनबद्दल अशाच तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ॲपलने ७.०.३ अपडेटमध्ये तो झूम टाळायची सोय दिली.

मग ॲनिमेशन सरसकट बंद करायचं का? नाही. मिनिमाइज केलेली खिडकी खाली जाताना दिसली, तर नवशिक्याला ती कुठे गेली ते कळतं. एकाला जे मदत करतं, तेच दुसऱ्याला त्रास देतं. म्हणून निर्णय वापरणाऱ्याचा हवा.

विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'ॲनिमेशन इफेक्ट्स' आहे, पण फक्त चालू किंवा बंद. लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मात वेगाचा स्लायडर आहे, अगदी 'तत्काळ'पर्यंत. त्यामागचं तंत्र सोपं आहे: प्रत्येक ॲनिमेशनचा कालावधी एकाच आकड्याने गुणायचा. आकडा शून्य केला की थांबणं संपलं. अँड्रॉइडमध्येही वेग बदलता येतो, पण त्यासाठी बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. सामान्य माणसाची गरज अशी लपवून का ठेवायची?

हा चैनीचा प्रश्न नाही. ई-केवायसीत डोळे मिचकावण्याची अट होती, ती ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना पूर्ण करता येत नव्हती. त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तुमच्यापैकी काही जण उद्या कोड लिहितील. ॲनिमेशनचे आकडे कोडमध्ये विखरून ठेवू नका, एका जागी ठेवा. वापरणाऱ्याने सिस्टीममध्ये काय निवडलंय ते आधी विचारा आणि ते पाळा. बाकीच्यांनी या आठवड्यात घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा, "स्क्रीन बघताना त्रास होतो का?" हो म्हणाले, तर सेटिंग तिथल्या तिथे बदलून द्या.