गलगंड गेला, पण पहारा कुणाचा?



तुम्ही आहारशास्त्राचे स्नातक आहात, म्हणून तुम्हाला ब्रिटनची एक गोष्ट सांगते.

डर्बीशायर परगण्यात आयोडीनअभावी होणारा गलगंड इतका होता, की इंग्रज त्या आजारालाच ‘डर्बीशायर नेक’ म्हणत. पुढे तो ओसरला. मिठात आयोडीन घालण्याची सक्ती मात्र तिथे कधीच झाली नाही. झालं ते गोठ्यात. १९३०च्या दशकापासून गायींच्या खुराकात आयोडीन येऊ लागलं, ते गायींची प्रकृती सुधारावी आणि दूध वाढावं म्हणून. सडं पुसायच्या जंतुनाशकातही आयोडीन असे; त्यातलं काही दुधात उतरे. १९४६च्या कायद्याने शाळेत मुलांना रोज सुमारे १९० मिलिलिटर दूध फुकट मिळू लागलं, आणि माणसांच्या थायरॉईडची गरज आपसूक भागली. डॉ. डेव्हिड फिलिप्स यांनी १९९७ मध्ये हा सगळा योगायोग उलगडून मांडला.

जे कुणी ठरवून केलं नव्हतं, त्यावर लक्ष ठेवण्याचं कामही कुणाकडे नव्हतं. सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं दूध १९७१ मध्ये बंद झालं. घरोघरी दूध कमी झालं. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चौदा-पंधरा वर्षांच्या सातशेहून अधिक ब्रिटिश मुलींची पाहणी आली: लघवीतल्या आयोडीनचा मध्यक लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम. शंभराखाली म्हणजे कमतरता. या मुली उद्याच्या आया, याची मला काळजी वाटते. दोनच वर्षांनी सरे विद्यापीठाच्या सारा बाथ आणि मार्गारेट रेमन यांनी ब्रिस्टलजवळच्या हजारावर मायलेकरांचा अभ्यास मांडला. गरोदरपणात ज्यांना आयोडीन कमी पडलं होतं, त्यांच्या मुलांचा भाषिक बुद्ध्यांक आठव्या वर्षी कमी असण्याची शक्यता जास्त आढळली. अशी कमतरता गळ्यावर दिसतेच असं नाही.

भारतात मात्र आयोडीन देणं आपण ठरवून केलं. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटतो हे दाखवलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. तरीही २००० मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवरची केंद्राची बंदी उठली आणि ती परत यायला २००६ उजाडलं. ठरवून केलेलंही सैल पडतं, हे आपल्याच घरातलं उदाहरण आहे.

तुमच्यातले काही जण उद्या लंडन-लेस्टरला जातील. तिथल्या मराठी घरांना सांगा, की त्यांचं मीठ तिथलं आहे, आणि ते बहुधा बिनआयोडीनचं असतं. सून गरोदर असेल आणि गायीच्या दुधाऐवजी ओटचं पेय घेत असेल, तर खोक्यावर पोटॅशियम आयोडाइड लिहिलंय का ते बघा. ती मासे खाते का, अंडी खाते का, विचारा. खात नसेल, तर डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायला सांगा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांत आयोडीन प्रमाणाबाहेर असू शकतं. आणि इथे राहणाऱ्यांनो, उपासाचं बिनआयोडीनचं सैंधव रोजच्या फोडणीत शिरलेलं दिसलं, तर त्या घरीही हेच प्रश्न विचारा.