पुसट शिक्का, ठळक तारीख

आमच्या मसाल्याच्या पाकिटासाठी आम्ही कॉम्प्युटरवर लोगो करून घेतला. उखळ-मुसळाचं चित्र, पण इतकं गुळगुळीत की ते कारखान्याचं वाटावं. आम्हाला हाताने मारलेल्या शिक्क्यासारखं हवं होतं.

डीटीपीवाल्या मुलाने अख्ख्या लेबलवरच ओरखडे उठवले. दिसायला झकास! पण वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही खरवडला गेला. दुकानदाराने ६० पाकिटं परत पाठवली. "हा तीन आहे की आठ?" त्याचं बरोबरच होतं. लेबलं सोलून नवी चिकटवण्यात आमची एक दुपार गेली.

मग आम्ही खरा रबरी शिक्काच करून घेतला. पॅडवर शाई कमी ठेवली, कागदाखाली वर्तमानपत्राची घडी घातली आणि वीसेक ठसे मारले. कुठे कड दाट, कुठे विरळ, मध्येच पांढरे ठिपके. त्यातला एक निवडून ६०० डीपीआयवर स्कॅन केला. मुलाने करडी छटा काढून निव्वळ काळा-पांढरा ठेवला आणि मागचा कागद उडवला. लोगो लहान केला की बारीक ठिपके शाईने बुजतात, म्हणून पाकिटाच्या मापातच आधी एक प्रिंट काढून बघा. वजन, तारीख, नंबर मात्र साध्या ठळक अक्षरात, ठशापासून लांब. मूळचा स्वच्छ लोगोही जपून ठेवा, दुकानाच्या पाटीला तोच लागतो.

गटातल्या एक मावशी तरी अडल्याच. "मसाला आपण कांडप मशीनवर कुटतो, मग हे मुसळ कशाला?" दोन बैठका वाद झाला. आता शिक्क्यात मिरची आहे.