दातांवरील आवरण : कोणते आणि केव्हा?

लग्न ठरले की घरात साड्या आणि दागिने यांच्या जोडीने आता दातांचीही चर्चा होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी घर असो वा अलकापुरीतील गुजराती, समोरच्या दातांवरील डाग झाकण्यासाठी ‘व्हेनिअर’ बसवावे काय, असा प्रश्न तेथे निघतो. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूस चिकटविलेले नखासारखे पातळ आवरण. प्रश्न दिसण्याचा वाटतो. परंतु निर्णय बहुधा जन्माचा असतो.

या कल्पनेचा उगम चित्रपटसृष्टीत आहे. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरती आवरणे बसविली. ती टिकाऊ नव्हती. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने एनॅमल सूक्ष्मपणे खरखरीत केले असता त्यावर कृत्रिम राळ घट्ट धरते, असे दाखविले. १९८० नंतरच्या दशकात पोर्सेलिनची आवरणे याच तत्त्वावर रूढ झाली.

आज मुख्य प्रकार दोन. पहिला काँपोझिट राळेचा. दंतवैद्य तो दातावरच घडवितो. बहुधा एका बैठकीत काम होते, दात थोडाच किंवा मुळीच घासावा लागत नाही आणि कपचा उडाल्यास डागडुजी करता येते. परंतु चहा, हळद व तंबाखू यांचा रंग त्यावर चढतो आणि साधारणपणे पाच-सात वर्षांनी तो बदलावा लागतो. दुसरा प्रकार पोर्सेलिनचा. तो प्रयोगशाळेत तयार होतो, महाग पडतो, पण त्याची झळाळी नैसर्गिक दाताच्या जवळ जाते, डाग सहसा धरत नाहीत आणि निगा राखल्यास दहा-पंधरा वर्षे किंवा अधिकही टिकतो. त्यासाठी मात्र अर्धा मिलिमीटरच्या आसपास एनॅमल बहुधा घासावे लागते. हे एनॅमल पुन्हा उगवत नाही. म्हणून एकदा घासलेल्या दाताला पुढे आवरण कायमचेच लागते.

उत्तर गुजरातच्या मेहसाणा, बनासकांठा या भागांत पाण्यातील फ्लोराइडमुळे बालपणीच दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली माणसे आढळतात. अशांना आवरणाचा खरा उपयोग होतो. तथापि डाग उथळ असल्यास वरचा थर किंचित घासून किंवा दात उजळवूनही काम भागते. उजळवायचे तर ते आवरणापूर्वी. आवरणाचा रंग नंतर उजळत नाही.

संखेड्याच्या लाकडावर लाखकाम कितीही सुरेख असो, आत कीड असेल तर ते व्यर्थच. दातांचेही तसेच. कीड आणि हिरड्यांची सूज आधी बरी झाली पाहिजे. झोपेत दात खाणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्या दाबाने आवरण फुटते. आणि व्हेनिअरच्या नावाखाली दात चहूबाजूंनी कोरून टोपी बसविली जात नाही ना, हेही विचारून घ्यावे. त्यात दाताचा कितीतरी अधिक भाग खर्ची पडतो.

विशीतल्या मुलीने घाईने पोर्सेलिन स्वीकारले, तर उरलेल्या आयुष्यात तिला ते बहुधा अनेकदा बदलावे लागेल. दंतवैद्यास किमतीआधी एकच प्रश्न विचारावा : माझा किती दात घासणार? उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत लग्नाची तारीख जवळ आली म्हणून होकार देऊ नये.