चिखलातलं चाक आणि विजेची मोटर

वर्धा जिल्ह्यातली काळी माती कपाशीला मानवते, पण पावसाळ्यात पांदण रस्त्यावर ती गाडीला सोडत नाही. ई-रिक्षाचं मागचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं हलतही नाही. याचं कारण डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधली गिअरची रचना. एकाच मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ही रचना दोन्ही चाकांना सारखाच देते. घसरत्या चाकाला जेवढी पकड, तेवढाच जोर त्याला मिळतो आणि दुसऱ्यालाही तेवढाच. वळणावर उपयोगी पडणारी ही रचना चिखलात मात्र आडवी येते.

नव्या विजेच्या गाड्यांत चाकांवरचे सेन्सर घसरण ओळखतात. संगणक मोटरचा जोर काही मिलिसेकंदांत कमी करतो, किंवा घसरत्या चाकाला हलका ब्रेक लावतो. ब्रेक लागला की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. काही गाड्यांत तर मोटरीच एकाहून जास्त असतात: जून २०२५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा हॅरिअर ईव्हीच्या एका प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत. चाकातच मोटर बसवण्याची कल्पना तर अभियंते फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० मध्येच पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवली होती. पण चाक जड झालं की खड्ड्यांचे धक्के वाढतात, म्हणून ती अजून सर्रास दिसत नाही.

माझ्या मते, घसरण ओळखून जोर आवरण्याची सोय महागड्या गाड्यांआधी गावातल्या मालवाहू तीनचाकीला हवी. तोवर चालकांनो, चाक फिरू लागलं की थ्रॉटल सोडा, चाकाखाली बारदान किंवा खडी टाका आणि हळूच गाडी काढा.