निऱ्या, दाब आणि गुडघ्यातलं प्लास्टिक

मी पडलो कॉम्प्युटरवाला, त्यामुळे प्लास्टिकवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्यात. पण इथे कॉर्कजवळ रिंगस्किडीला गुडघ्याचे नि खुब्याचे कृत्रिम सांधे बनतात, आणि आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता त्या वयाला आलेत. गुडघ्याच्या सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिएथिलीनची चकती असते. दुधाच्या पिशवीच्याच जातीचं प्लास्टिक, फक्त रेणू प्रचंड लांब.

वितळलेले रेणू शिजलेल्या शेवयांसारखे गुंतलेले असतात. थंड होताना त्यांच्या निऱ्या पडतात, नऊवारीसारख्या. अशा निऱ्यांचा पापुद्रा जेमतेम १० ते ५० नॅनोमीटर जाड. आपला केस त्याच्या हजारपट तरी जाड भरेल. दोन पापुद्र्यांच्या मध्ये मात्र गुंता तसाच राहतो, आणि पापुद्रे एकत्र धरून ठेवतो तो हा गुंताच.

१९६४ साली वुंडरलिख आणि अराकावा यांनी साधं पॉलिएथिलीन सुमारे ५००० वातावरणांच्या दाबाखाली गोठवलं. (समुद्राच्या सर्वांत खोल तळाशीही ११०० च्या आसपासच!) निऱ्या सुटल्या, रेणू दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखे सरळ झाले. इतक्या दाबाखाली रेणू ओळीत उभे राहतात, पण लांबीच्या दिशेने सरकायला मोकळे असतात. म्हणून घड्या ओढल्या जाऊन पापुद्रा जाड होत जातो. असं प्लास्टिक कडक, पण ठिसूळ.

सांध्याच्या अतिलांब रेणूंच्या निऱ्या दाबाखालीही पुरत्या सुटत नाहीत, तरी स्फटिक वाढतात. त्यावरून १९९० च्या दशकात 'हायलामर' सांध्यांत आलं. अपेक्षा मोठी होती. पण काही अभ्यासांत ते जास्तच झिजलं, विशेषतः हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं. किरणांनी रेणू तुटतात, तिथे ऑक्सिजन घुसतो, आणि गुंत्यातले धागेच तुटत जातात. आम्हा इंजिनियर लोकांना नीटनेटकी रचना फार प्रिय, त्यामुळे मला हे पचायला जरा जड गेलं!

पुढे वाट बदलली: रेणू एकमेकांना जागोजागी बांधायचे, म्हणजे क्रॉसलिंकिंग. खुब्यात त्याने झीज बरीच कमी झाली, गुडघ्यात फरक तितका स्पष्ट नाही. काही प्रकारांत ऑक्सिजनला आवर घालायला ई जीवनसत्त्वही मिसळतात.

माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. सर्जनना विचारायला तीन प्रश्न लिहून ठेवलेत: प्लास्टिक कोणतं, निर्जंतुक कसं केलंय, आणि पाकिटात हवा आहे का? ज्यांना हवेत त्यांनी चहाच्या वेळी उतरवून घ्या.